विद्युतरसायनशास्त्राचे नियतकालिक कसे वाचावे

विद्युतरसायनशास्त्राच्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाचा आजचा अंक आणि त्याच नियतकालिकाचा १९५० च्या सुमाराचा अंक शेजारी शेजारी ठेवला, तर पहिल्या नजरेला ही दोन वेगळ्या शास्त्रांची प्रकाशने वाटतात. जुन्या अंकात धातूवर निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा नीट कसा चढवावा, लोखंड का गंजते, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर कसा वाढतो, शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्या का झिजतात, असे विषय भेटतात. नव्या अंकात लिथियम, सोडियम, घन इलेक्ट्रोलाइट, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडचे क्षपण (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन दुसरा पदार्थ बनवणे) आणि या सगळ्यांसाठी लागणारे उत्प्रेरक यांची गर्दी असते. आलेख मात्र दोन्ही अंकांत ओळखीचे निघतात, कारण त्यांच्या एका अक्षावर विभव (म्हणजे ढोबळमानाने व्होल्टेज) आणि दुसऱ्या अक्षावर विद्युतप्रवाह हीच जोडी पुन्हा पुन्हा येते. अशा नियतकालिकात काय छापले जाते, ते का बदलत जाते आणि छापलेल्यावर कितपत विसंबावे, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात या जोडीपासून केलेली बरी.

विद्युतरसायनशास्त्र हे मुळात एका सीमेचे शास्त्र आहे. सीमेच्या एका बाजूला धातू किंवा कार्बन असतो, ज्यातून इलेक्ट्रॉन वाहतात. दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रोलाइट असतो, म्हणजे असा द्रव किंवा घन पदार्थ की ज्यातून आयन वाहू शकतात पण इलेक्ट्रॉन वाहू शकत नाहीत. मंडल पूर्ण व्हायचे असेल तर या सीमेवर कुठल्यातरी रेणूने किंवा आयनाने इलेक्ट्रॉन घेतला पाहिजे किंवा दिला पाहिजे, आणि यालाच आपण रासायनिक अभिक्रिया म्हणतो. मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात दाखवून दिले की, किती पदार्थाची अभिक्रिया झाली हे वाहून गेलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असते. इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्दही त्यांनी १८३४ च्या सुमारास विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या मदतीने रूढ केले. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,४८५ कूलोम असतो, आणि हा एक आकडा हाताशी असला की कागदावर बरेच काही पडताळून पाहता येते. समजा, पाण्याच्या विद्युत अपघटनात १ मिलिॲम्पिअरचा प्रवाह एक तास चालला. एकूण भार ३.६ कूलोम झाला. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून मिळणारा वायू सामान्य तापमानाला सुमारे ०.४५ मिलिलिटर भरतो. एखाद्या शोधनिबंधातला हायड्रोजन यापेक्षा जास्त भरत असेल, तर निसर्गाचा नियम मोडला आहे असे समजण्याआधी गळती, चुकीचे मापन किंवा दुसरीच एखादी अभिक्रिया शोधावी.

प्रत्यक्ष मापन कसे होते तेही जवळून पाहू. काचेच्या छोट्या पात्रात इलेक्ट्रोलाइट असतो आणि त्यात तीन इलेक्ट्रोड बुडवलेले असतात. ज्याचा अभ्यास करायचा तो कार्यकारी इलेक्ट्रोड बहुधा शर्टाच्या बटणाहूनही लहान, काचेसारख्या चकचकीत कार्बनची चकती असतो, आणि तिच्यावर उत्प्रेरकाच्या काळ्या शाईचे दोन-चार थेंब वाळवलेले असतात. दुसरा संदर्भ इलेक्ट्रोड. त्याचे विभव स्थिर असते आणि समुद्रसपाटीवरून उंची मोजावी तसे बाकी विभव त्याच्यापासून मोजतात. तिसरा प्रति-इलेक्ट्रोड, प्रवाहाला परतीची वाट देण्यापुरतेच त्याचे काम. पोटेन्शिओस्टॅट नावाचे उपकरण कार्यकारी इलेक्ट्रोडचे विभव ठरावीक वेगाने वर नेते, मग खाली आणते, आणि त्या काळात वाहिलेला प्रवाह नोंदवते. एखादा पदार्थ सहज इलेक्ट्रॉन देत-घेत असेल तर या नोंदीची आकृती पोहणाऱ्या बदकासारखी दिसते, आणि या क्षेत्रात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला आधी हे बदक ओळखायला शिकवतात. नियतकालिकातील निबंध वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर असावे, कारण पुढे ज्या चुका आणि वाद यांची चर्चा येईल त्यांतील बहुतेक याच तीन इलेक्ट्रोडांच्या आसपास घडलेल्या आहेत.

या शास्त्राची नियतकालिके तशी उशिराने जन्मली. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या विद्युत घटाची हकिकत १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. ते पत्र सोसायटीच्या प्रकाशनात छापून येण्याआधीच विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तसा घट करून पाण्याचे अपघटन केले, आणि निकोल्सन यांनी ते स्वतःच्या मासिकात छापूनही टाकले. कोण आधी छापतो ही चढाओढ आजकालची आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. केवळ विद्युतरसायनशास्त्राला वाहिलेले नियतकालिक जर्मनीत १८९४ मध्ये निघाले. १९०२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे या विषयाची संस्था स्थापन झाली. तीच पुढे इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी झाली आणि १९४८ पासून तिचे ‘जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी’ निघू लागले. १९५९ मध्ये ‘इलेक्ट्रोकिमिका ॲक्टा’ आणि ‘जर्नल ऑफ इलेक्ट्रोॲनालिटिकल केमिस्ट्री’ ही दोन नियतकालिके सुरू झाली. त्याच वर्षी यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांना पोलॅरोग्राफी या विश्लेषणपद्धतीसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. रशियन भाषेत अलेक्झांडर फ्रुमकिन यांनी १९६५ मध्ये ‘एलेक्त्रोखिमिया’ काढले. जर्मन नियतकालिकाचा वारसा नावे बदलत बदलत शेवटी १९९९ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात विलीन झाला, आणि या शास्त्राची छपाईची भाषा कशी सरकत गेली हे त्यातून आपोआप कळते.

विषय का बदलतात, या प्रश्नाचे ढोबळ उत्तर असे की समाजाला ज्याची चणचण भासते त्यासाठी पैसा मिळतो, आणि पैसा जिकडे जातो तिकडे निबंध जातात. महायुद्धांनंतरच्या काळात कारखान्यांना गंज आणि मुलामा यांची चिंता होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन घट, सौरऊर्जा आणि नव्या बॅटऱ्या यांना बळ मिळाले; ‘जर्नल ऑफ पॉवर सोर्सेस’ हे केवळ या कामासाठीचे नियतकालिक १९७६ चे. संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांना सिलिकॉनवरचा ऑक्साइड आणि त्याचे कोरीवकाम यांचे रसायन लागत होते, म्हणून इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये अनेक वर्षे या विषयाचा मोठा भाग असे, आणि तो इतका स्वतंत्र झाला की २०१२ मध्ये त्यासाठी वेगळे नियतकालिक काढावे लागले. चिपमधल्या ॲल्युमिनियमच्या तारांची जागा १९९० च्या दशकाच्या अखेरीस तांब्याने घेतली तेव्हा ते तांबे विद्युत विलेपनानेच भरले गेले. मुलाम्याचे जुने शास्त्र कालबाह्य ठरले, असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

मात्र हे ढोबळ उत्तर पुरेसे नाही, कारण पैसा येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ते काम करून, छापून ठेवलेले असते. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. तिच्या ऋणाग्रावर तयार होणारा अतिपातळ थर आयनांना जाऊ देतो पण इलेक्ट्रॉनांना अडवतो, आणि त्याच्यामुळेच ही बॅटरी टिकते. या थराची कल्पना एमॅन्युएल पेलेड यांनी इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडली ती १९७९ मध्ये. बॅटरीच्या आतील आयनांची घनता, विभव आणि प्रवाह यांचा हिशेब करणारे डॉयल, फुलर आणि न्यूमन यांचे गणिती प्रारूप १९९३ मध्ये त्याच नियतकालिकात आले. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांचे संगणकीय आराखडे आजही त्याच्यावर किंवा त्याच्या संक्षिप्त रूपांवर आधारलेले असतात. सर्वांत बोलके उदाहरण लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहे. पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ या संशोधकांनी १९९७ मध्ये हा पदार्थ धनाग्रासाठी सुचवला. तो स्वस्त होता, विषारी नव्हता, पण विजेचा अत्यंत मंद वाहक होता, त्यामुळे अगदी थोड्या प्रवाहाने चार्ज केला तरच त्यातून बऱ्यापैकी क्षमता मिळे. निबंधकर्त्यांनी स्वतः त्याची शिफारस केली ती कमी शक्तीच्या बॅटरीसाठी. पुढच्या काही वर्षांत त्याचे कण बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप देण्याची युक्ती सापडली, आणि आज हाच पदार्थ मोटारी आणि बस चालवतो. लेखकांनी जो उपयोग गृहीत धरला नव्हता तोच उपयोग त्या निबंधाचे मोठेपण ठरला.

इथेच नियतकालिकांच्या मोजपट्टीचा प्रश्न येतो. एखाद्या नियतकालिकाचे वजन सांगताना सर्रास इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला जातो. त्याचा हिशेब सोपा आहे. मागील दोन वर्षांत त्या नियतकालिकात जेवढे निबंध छापले गेले, त्यांचा चालू वर्षात किती वेळा संदर्भ दिला गेला ती संख्या घ्यायची आणि निबंधांच्या संख्येने भागायची. दोन वर्षांत १,००० निबंध आले आणि त्यांचे ४,००० संदर्भ दिले गेले, तर आकडा ४. युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने १९७० च्या दशकात हे तक्ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांचा एक प्रमुख उपयोग ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके विकत घ्यावीत हे ठरवण्यासाठी होता. माणसाची नेमणूक, बढती किंवा अनुदान या आकड्याने ठरू लागले ते नंतर, आणि ते गैर आहे असे सांगणारे जाहीरनामे २०१२ नंतर निघाले असले तरी सवय काही सुटलेली नाही.

दोन वर्षांच्या या खिडकीतून विद्युतरसायनशास्त्र कसे दिसते याचा विचार करा. १९९७ च्या त्या फॉस्फेटच्या निबंधाला हजारो संदर्भ मिळाले, पण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजले गेले ते फक्त १९९८ आणि १९९९ या दोन वर्षांतले. गंजाचा प्रयोग मुळातच संथ. पोलादाचा नमुना खाऱ्या पाण्यात दोन वर्षे ठेवणाऱ्या माणसाचा निबंध येईपर्यंत, ज्याचा त्याने संदर्भ द्यायचा तो निबंध खिडकीबाहेर गेलेला असतो. उलट, ज्या विषयात दर आठवड्याला नवे उत्प्रेरक येतात तिथे सगळेच एकमेकांच्या ताज्या निबंधांचे संदर्भ देतात आणि आकडा फुगतो. म्हणून गंजाचे नियतकालिक हलके आणि ऊर्जेचे नियतकालिक भारी, असा निष्कर्ष या आकड्यावरून काढणे म्हणजे संथ वाहणारी नदी उथळ आहे असे ठरवण्यासारखे आहे. तरीही संपादक माणसेच असतात. आकडा वाढवणारे विषय हात पुढे करून घेण्याचा मोह त्यांना होतो, आणि २०१६ च्या सुमारास ‘नेचर एनर्जी’, ‘एसीएस एनर्जी लेटर्स’ यांसारखी केवळ ऊर्जेला वाहिलेली नियतकालिके निघाल्यावर बॅटरी आणि उत्प्रेरक यांवरचे लक्षवेधी निबंध तिकडे जाऊ लागले. जुन्या, संस्थांच्या नियतकालिकांकडे उरले ते जास्त करून सविस्तर, यंत्रणा उलगडून दाखवणारे काम. माझ्या मते यात त्यांचे नुकसान झाले तितकेच भलेही झाले.

एखाद्या विषयात गर्दी झाली की मोजमाप सैल पडते, हे या क्षेत्राने अनेकदा अनुभवले आहे. पाण्यापासून हायड्रोजन बनवणारा सर्वोत्तम उत्प्रेरक प्लॅटिनम. तो महाग म्हणून स्वस्त पर्यायांचा शोध चालतो. पण अनेक प्रयोगशाळांत प्रति-इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमचीच तार वापरली जात असे. आम्लात, ऑक्सिडीकरणाच्या विभवाला, या तारेतील प्लॅटिनम किंचित विरघळते, द्रवातून वाहत कार्यकारी इलेक्ट्रोडवर जाऊन बसते, आणि काही तासांत संशोधकाला आपला प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक आपोआप सुधारत चालल्याचा आनंद होतो. आता बऱ्याच नियतकालिकांचे समीक्षक, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणारे जाणकार, अशा कामासाठी ग्रॅफाइटचा प्रति-इलेक्ट्रोड मागतात. दुसरी पळवाट क्षेत्रफळाची. प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला किती, असा तो सांगायचा असतो, आणि दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिॲम्पिअर प्रवाहासाठी सैद्धांतिक गरजेपेक्षा किती जादा विभव लागला हा तुलनेचा आकडा रूढ झाला आहे. पण चकतीचे क्षेत्रफळ तेच ठेवून तिच्यावर उत्प्रेरकाचा दाट, स्पंजासारखा थर चढवला की आतला पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढतो. पदार्थ तोच, आकडा मात्र देखणा.

ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याच्या, बाबतीत तर या गर्दीची उघड थट्टाच झाली. ग्राफीनमध्ये नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस, बोरॉन असे एकेक मूलद्रव्य मिसळायचे आणि उत्प्रेरक सुधारला म्हणून निबंध छापायचा, अशी लाट आली होती. २०२० मध्ये मार्टिन पुमेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एसीएस नॅनो’मध्ये निबंध छापला की त्यांनी ग्राफीनमध्ये पक्ष्यांची विष्ठा मिसळली, कारण तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक सगळे एकत्र आणि फुकट मिळते, आणि उत्प्रेरक खरोखरच सुधारला. प्रयोग नीट केलेला होता, मापने खरी होती. म्हणूनच थट्टा वर्मी लागली.

सर्वांत गंभीर प्रकरण अमोनियाचे आहे आणि ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. खतांसाठी लागणारा अमोनिया आज हेबर-बॉश पद्धतीने, मोठ्या दाबाखाली आणि तापमानाला, बनतो. त्याऐवजी हवेतील नायट्रोजन आणि पाणी घेऊन, नुसत्या विजेने, साध्या तापमानाला तो बनवता आला तर मोठीच गोष्ट होईल, म्हणून २०१५ नंतर या विषयावर निबंधांचा पूर आला. आता फॅरडेचा हिशेब पुन्हा करू. अमोनियाच्या एका रेणूला तीन इलेक्ट्रॉन लागतात. अमोनियाकडे जाणारा प्रवाह १ मायक्रोॲम्पिअर असेल आणि प्रयोग तासभर चालला, तर अमोनिया बनतो सुमारे १२ नॅनोमोल, वजनाने ०.२ मायक्रोग्रॅम. एवढा अमोनिया कुठूनही येऊ शकतो. तो प्रयोगशाळेच्या हवेत असतो, माणसाच्या श्वासात असतो, हातमोज्यांवर असतो. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, क्षारांत नायट्रेट असते, आणि ही दोन्ही इलेक्ट्रोडवर सहज अमोनिया होतात. २०१९ मध्ये डेन्मार्क, अमेरिका आणि ब्रिटनमधील संशोधकांच्या एका गटाने ‘नेचर’मध्ये कडक कार्यपद्धती मांडली. नेहमीच्या नायट्रोजनऐवजी १५ वस्तुमानाचा समस्थानिक वापरा, तोही आधी स्वच्छ करून घ्या, मग तयार झालेल्या अमोनियात तोच जड नायट्रोजन योग्य प्रमाणात दिसतो का ते पाहा. आणि तोच प्रयोग आर्गॉन वायूत, म्हणजे नायट्रोजन नसताना, करून अमोनिया शून्य येतो का तेही पाहा. या चाळणीतून पाण्यातील आशादायक वाटणारे उत्प्रेरक पार झाले नाहीत. पार झाली ती लिथियम धातूच्या मध्यस्थीने, सेंद्रिय द्रावकात अमोनिया बनवण्याची पद्धत, जी जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकातच दाखवून ठेवली होती. त्यानंतर आर्गॉनचा आणि समस्थानिकाचा प्रयोग नसलेला अमोनियाचा निबंध चांगल्या नियतकालिकात छापून येणे अवघड झाले.

पूर्वीची माणसे काटेकोर होती आणि हल्लीच हे बिघडले, असे म्हणण्याची मात्र सोय नाही. मार्च १९८९ मध्ये मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले की जड पाण्यात पॅलॅडियमच्या इलेक्ट्रोडवर साध्या तापमानाला अणुसंमीलन घडते, आणि एप्रिलमध्ये त्यांचा प्राथमिक निबंध ‘जर्नल ऑफ इलेक्ट्रोॲनालिटिकल केमिस्ट्री’त आला. इतर प्रयोगशाळांना तो परिणाम खात्रीशीरपणे मिळवता आला नाही आणि दावा कोसळला. फ्लाइशमन हे कुणी सोम्यागोम्या नव्हते. १९७४ मध्ये चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर रेणूंचे रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखण्याची नोंद) विलक्षण ठळक मिळतात हे निरीक्षण त्यांच्याच गटाने छापले होते, आणि त्यातून पुढे विश्लेषणाची एक मोठी शाखा उभी राहिली.

बॅटरीच्या निबंधांत गफलत वेगळ्या जागी असते. नवा धनाग्र पदार्थ तपासताना समोर बहुधा लिथियम धातूची जाड चकती ठेवतात. तिच्यात लिथियम गरजेच्या कितीतरी पट असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत, म्हणजे एकदा चार्ज होऊन रिकामी होण्यात, थोडे वाया गेले तरी कळत नाही. खऱ्या बॅटरीत लिथियमचा साठा मोजकाच असतो. दर फेरीला ९९.९ टक्के परत मिळत असेल तर आकडा झकास वाटतो, पण ५०० फेऱ्यांनंतर उरते सुमारे ६१ टक्के, आणि १,००० फेऱ्यांनंतर ३७ टक्के. ९९.९९ टक्के असेल तर ५०० फेऱ्यांनंतर ९५ टक्के. शेवटच्या त्या एका नऊसाठी माणसांची उमेदीची वर्षे जातात. म्हणून आता पदार्थाचा थर किती जाड होता, इलेक्ट्रोलाइट किती घातला, लिथियम किती जास्तीचे होते आणि एकाच प्रकारच्या किती बॅटऱ्या तपासल्या, हे लिहिण्याची सक्ती काही नियतकालिके करतात. हे आकडे नसलेला निबंध वाचताना ग्रॅममागची क्षमता कितीही मोठी दिसली तरी जपून राहावे.

प्रकाशनव्यवहारातले बाकीचे बदल इतर शास्त्रांसारखेच आहेत. समीक्षेआधीच निबंध खुला करण्यासाठी रसायनशास्त्राचे ‘केमआर्काइव्ह’ २०१७ मध्ये सुरू झाले. वाचकाऐवजी लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने पैसे भरून निबंध सर्वांना खुला ठेवण्याची पद्धत वाढली, आणि ज्यांच्याकडे अनुदान नाही त्यांची त्यात पंचाईत होते. निबंधांच्या संख्येत चीनमधील संशोधकांचा वाटा आता सर्वांत मोठा आहे, विशेषतः बॅटरी आणि उत्प्रेरकांत. मूळ निबंध आठ पानांचा आणि पूरक माहिती साठ पानांची, हेही नित्याचे झाले आहे. आणि गंमत अशी की कामाची गोष्ट पुष्कळदा त्या साठ पानांत सापडते.

अशाच एका दुर्लक्षित गोष्टीची हकिकत निकेलची आहे. क्षारीय पाण्याच्या अपघटनात ऑक्सिजन सुटण्यासाठी निकेलचे ऑक्साइड हा चांगला, स्वस्त उत्प्रेरक म्हणून अनेक वर्षे ओळखला जात होता. तो वापरता वापरता सुधारतो असेही दिसे, आणि त्याचे श्रेय निकेलच्या थराच्या बदलत्या रचनेला दिले जाई. डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये दाखवले होते की हा परिणाम इलेक्ट्रोलाइटमधील लोखंडाच्या सूक्ष्म अशुद्धीमुळे होतो. निकेलच्या बॅटऱ्यांत चार्ज करताना ऑक्सिजन सुटणे ही कटकट समजली जाते, त्यामुळे बॅटरीवाल्यांच्या दृष्टीने लोखंड हे विष होते. हायड्रोजनवाल्यांना तेच वरदान ठरणार होते, पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही. २०१४ मध्ये शॅनन बेचर यांच्या गटाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून लोखंड काळजीपूर्वक काढून टाकले आणि निकेलचा उत्प्रेरक तपासला, तेव्हा त्याची गुणवत्ता पार घसरली. लोखंड परत घातले की ती परत आली. काढण्याची रीत साधीच होती. निकेल हायड्रॉक्साइडची भुकटी त्या द्रावणात घालून घुसळायची, म्हणजे लोखंड तिला चिकटून खाली बसते. तेव्हापासून निकेल, कोबाल्ट यांच्यावरच्या निबंधांत प्रयोगपद्धतीच्या विभागात, बारीक टंकात, एक ओळ शोधता येते: द्रावण वापरण्यापूर्वी लोखंडमुक्त करून घेतले. ज्या निबंधात ही ओळ नाही, तो वाचताना समीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.